भूकंपाचा धक्का कसा मोजतात?

आज आपल्याला एका मोजमापाविषयी बोलायचे आहे. धान्य आपण किलोने मोजतो. कापड मीटरने मोजतो. दूध लिटरने मोजतो. शेत एकर-गुंठ्यांत मोजतो. पण पायाखालची जमीनच हादरली, तर तो हादरा कशाने मोजायचा? तराजूत घालता येत नाही. त्याला पट्टी लावता येत नाही. दहा-वीस सेकंदांत तो येतो आणि जातो. मग मोजणार कसा?

आम्ही शाळेत शिकवीत होतो, तेव्हा मुले विचारीत, "गुरुजी, किल्लारीला किती रिश्टरचा भूकंप झाला?" आम्ही आकडा सांगत असू. मग एखादा चौकस मुलगा पुढे विचारी, "मग लातूरला किती रिश्टरचा झाला? आणि पुण्याला किती?"

प्रश्न फार चांगला आहे. त्याचे उत्तर नीट समजले, की आजचा निम्मा धडा समजला. उत्तर असे. रिश्टरचा आकडा गावागणिक बदलत नाही. एका भूकंपाला एकच आकडा. पण बसलेला धक्का मात्र गावागणिक बदलतो. कधी कधी तर एकाच गावात आळीआळीला बदलतो. म्हणजे मोजायच्या गोष्टी दोन आहेत. त्या दोन्ही आपण वेगवेगळ्या पाहू.

एक शेकोटी आणि दहा माणसे

थंडीच्या दिवसांत आपण शेकोटी पेटवतो. तिच्याभोवती माणसे बसतात. शेकोटी एकच. तिच्यात लाकूड किती जळते आहे, ते एकदाच मोजता येईल. समजा, दहा किलो लाकूड आहे. हा झाला शेकोटीचा जोर.

पण ऊब सगळ्यांना सारखी लागते का? नाही. जवळ बसलेल्याचे गुडघे भाजतात. चार हात दूर बसलेल्याला बरे वाटते. ओसरीवर बसलेल्याला नुसता उजेड दिसतो. शिवाय एकाच्या अंगावर घोंगडी आहे, दुसरा उघडाच आहे. त्यांनाही ऊब सारखी लागत नाही.

भूकंपाचेही असेच आहे. जमिनीच्या पोटात खडक एकदम सरकतो. तिथे किती जोर सुटला, ही पहिली गोष्ट. तो जोर लाटांनी चहूकडे पसरतो. आपल्या गावाला त्याचा किती धक्का बसला, ही दुसरी गोष्ट. पुस्तकी भाषेत पहिलीला भूकंपाची महत्ता म्हणतात आणि दुसरीला तीव्रता म्हणतात. आपण साधे शब्द घेऊ. पहिला तो "जोर" आणि दुसरा तो "धक्का".

वर्तमानपत्रात पुष्कळदा "भूकंपाची तीव्रता ६.२ रिश्टर" असे छापून येते. तेव्हा एवढे ध्यानात ठेवा, की तो आकडा जोराचा आहे. आपल्या गावच्या धक्क्याचा नव्हे.

जोर मोजणारे यंत्र

जोर यंत्राने मोजतात. त्या यंत्राला भूकंपमापक म्हणतात. जमीन हलली, की यंत्र त्या हालचालीची नागमोडी रेघ काढते. रेघ किती वरखाली झाली आणि भूकंप किती दूर झाला, यावरून जोर काढतात. अमेरिकेतील चार्ल्स रिश्टर या शास्त्रज्ञाने १९३५ साली ही रीत मांडली. म्हणून तिला रिश्टरचे नाव पडले. पुढे शास्त्रज्ञांनी ती रीत सुधारली. मोठ्या भूकंपांसाठी आता दुसरी रीत वापरतात. पण लोकांच्या तोंडी रिश्टर हेच नाव राहिले आहे.

या आकड्यात एक खुबी आहे. पाच आणि सहा यांत फरक एकाचाच दिसतो. पण पाचापेक्षा सहाच्या भूकंपात जमिनीची हालचाल दहापट मोठी असते. आणि सुटणारी शक्ती तर सुमारे ३२ पट असते. पाचावरून सातावर गेले, तर शक्ती सुमारे एक हजार पट होते. तेव्हा "सहा काय आणि सात काय, एकाचा तर फरक" असे कुणी म्हणाले, तर त्याला हा हिशेब सांगावा.

बारा पायऱ्यांची शिडी

आता धक्क्याकडे येऊ. धक्का मोजायला प्रत्येक गावात यंत्र नसते. जुन्या काळी तर कुठेच नव्हते. मग शास्त्रज्ञांनी विचार केला, की यंत्र नाही, पण गावात माणसे आहेत. गुरे आहेत. भांडी आहेत. भिंती आहेत. विहिरी आहेत. धक्का बसला, की या सगळ्यांवर त्याची खूण उरते. त्या खुणा नीट तपासल्या, तर धक्का किती मोठा होता हे सांगता येईल.

इटलीतील मर्काली या धर्मगुरूने १९०२ साली अशा खुणांची एक यादी केली. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या आणि तिच्या बारा पायऱ्या झाल्या. १९६४ साली मेद्वेदेव, स्पॉनहॉयर आणि कार्निक या तीन शास्त्रज्ञांनी आणखी नेटकी यादी केली. तिलाही बाराच पायऱ्या आहेत. आपल्या देशात धक्का ठरवायला ही यादी फार वापरली गेली आहे. तिच्या खुणा आपल्या घरच्या भाषेत अशा सांगता येतील.

पहिली पायरी. माणसाला काहीच कळत नाही. फक्त यंत्राला कळते.

दुसरी पायरी. घरात स्वस्थ पडलेल्या एखाद्याला जाणवते. तेही माडीवर असेल तर.

तिसरी पायरी. घरातल्या काही जणांना जाणवते. रस्त्याने छोटी मोटार गेल्यासारखे वाटते. टांगलेली वस्तू किंचित झुलते.

चौथी पायरी. घरातल्या पुष्कळांना कळते. भरलेला ट्रक गेल्यासारखे वाटते. दारे-खिडक्या वाजतात. फळीवरची भांडी खुळखुळतात.

पाचवी पायरी. झोपलेली माणसे जागी होतात. टांगलेला कंदील चांगलाच झुलतो. काठोकाठ भरलेल्या घागरीतले पाणी सांडते. उघडे दार आपोआप हलते. गुरे बेचैन होतात.

सहावी पायरी. माणसे घाबरून बाहेर पळतात. भांडी पडतात, फुटतात. गुरे गोठ्याबाहेर धावतात. गिलाव्याला बारीक तडे जातात.

सातवी पायरी. उभे राहणे कठीण होते. चालत्या गाडीतल्या माणसालाही कळते. विहिरीचे पाणी गढूळ होते. मातीच्या आणि कच्च्या दगडाच्या भिंतींना मोठे तडे जातात. काही भिंती पडतातही.

आठवी पायरी. जड कपाटेही सरकतात, उलटतात. झाडाच्या फांद्या मोडतात. कच्ची घरे पडतात. विटांच्या भिंतींना मोठे तडे जातात. कुठे कोरड्या विहिरीला पाणी येते, तर कुठे असलेले पाणी नाहीसे होते.

नववी पायरी. विटांची घरेही पडू लागतात. खांब आणि मनोरे कोसळतात. जमिनीला भेगा पडतात. जमिनीखालचे नळ तुटतात.

दहावी, अकरावी आणि बारावी पायरी म्हणजे सर्वनाश. रेल्वेचे रूळ वाकतात. मजबूत इमारती पडतात. बाराव्या पायरीवर तर डोंगर, नदी, जमीन यांचे रूपच पालटते.

मंडळी, या शिडीची एक गंमत पाहा. खालच्या पाच पायऱ्या माणसांनी आणि भांड्यांनी मोजायच्या. सहाव्या पायरीपासून भिंती बोलू लागतात. आणि अगदी वर गेले, की जमीन बोलते.

मोजणारा काय विचारतो?

मोठा भूकंप झाला, की भूगर्भशास्त्राची जाणकार माणसे गावोगाव फिरतात. हातात वही असते. ती घरे पाहतात, लोकांशी बोलतात. समजा, असा एक माणूस आपल्या गावी आला. तो एखाद्या आजीला विचारील,

"आजी, धक्का बसला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"घरातच होते की. चुलीपाशी."

"काय काय झालं?"

"उतरंड हलली. वरची दोन मडकी खाली आली अन् फुटली."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार बाबा? लेकरू काखेत घेतलं अन् अंगणात आले. सगळी आळीच बाहेर आली होती. आमची म्हैस दावं तोडून पळाली."

"भिंतीला तडा गेला का?"

"हा बघ. बोट जायचं नाही, पण नख जाईल."

आजी शाळेत गेलेली नसेल. पण तिने धक्का बरोबर मोजून दिला. मडकी फुटली, आळी बाहेर आली, म्हैस पळाली, बारीक तडा गेला. मोजणारा वहीत लिहील, "सहावी पायरी."

पण तो एकट्या आजीवर थांबत नाही. तो आणखी घरे पाहतो. एका घराची भिंत पडली, म्हणून लगेच आठवी पायरी लिहीत नाही. तो आधी पाहतो, की घर कशाचे होते. यादीत घरांचे तीन वर्ग केले आहेत. मातीचे किंवा अनघड दगडाचे घर हे सर्वांत कच्चे. विटांचे घर त्याहून बरे. लोखंडी सळ्या घालून काँक्रीटने केलेले घर त्याहून पक्के. कच्चे घर थोड्या धक्क्यानेही पडते. पक्के घर पडले, तर धक्का फार मोठा.

मग तो मोजदाद करतो. शंभरांतली पाचेक घरे बिघडली, तर "थोडी" म्हणायचे. पन्नासेक बिघडली, तर "पुष्कळ". पंचाहत्तरेक बिघडली, तर "बहुतेक". बिघाडही पाच प्रकारचा असतो. बारीक तड्यापासून ते घर सपाट होण्यापर्यंत. घर कोणते, किती घरे, आणि बिघाड किती, या तीन गोष्टी जुळवून पायरी ठरते.

मग नकाशावर प्रत्येक गावापुढे आकडा लिहितात. सारखा धक्का बसलेला भाग रेघेने वेगळा करतात. नकाशा तयार झाला, की तो कापलेल्या कांद्यासारखा दिसतो. आत मोठा आकडा, बाहेर लहान लहान आकडे. आपल्याकडे आसामात १२ जून १८९७ रोजी फार मोठा भूकंप झाला. ओल्डहॅम नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने तेव्हा अशीच माहिती गोळा करून नकाशा केला होता. रिश्टरची रीत त्यानंतर अडतीस वर्षांनी आली.

कोयना, किल्लारी आणि कच्छ

आता तीन खऱ्या गोष्टी पाहू.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. जोर सुमारे ६.३ होता. सुमारे १८० माणसे गेली. कोयनानगर भागात धक्का आठव्या पायरीचा होता. तो मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला. पण तिथे घरे पडली नाहीत. भूकंप एकच, धक्के निराळे. त्या पहाटे कोयना धरणात बसवलेल्या एका यंत्राने धक्का टिपला होता. आडवा धक्का वजनाच्या सुमारे ६३ टक्के निघाला. म्हणजे शंभर किलोच्या पोत्याला कुणी त्रेसष्ट किलोच्या जोराने आडवे ढकलावे, तसा. धरणाला तडे गेले, पण धरण उभे राहिले. मागाहून ते आणखी मजबूत करण्यात आले.

दुसरी गोष्ट किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. चार वाजायला चार मिनिटे होती. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते. लोक दमून झोपले होते. भूकंप झाला. जोर सुमारे ६.२. म्हणजे कोयनेएवढाच, किंचित कमीच. पण लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सात हजारांहून अधिक माणसे गेली. किल्लारीच्या आसपास धक्का आठ ते नऊ पायऱ्यांचा ठरला.

जोर सारखा, मग माणसे इतकी जास्त का गेली? एक कारण असे, की गावे दाट वस्तीची होती आणि सगळी माणसे घरात झोपलेली होती. दुसरे कारण घरांचे. त्या भागातल्या भिंती जाड दगडांच्या, पण चिखलात रचलेल्या. बाहेरून भिंत एक दिसे. आत मात्र दोन पदर असत, आणि मध्ये दगडगोटे व माती भरलेली असे. वर मातीचे माळवद. गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी आणखी माती टाकीत. असे वर्षानुवर्षे ओझे वाढत गेले. उन्हाळ्यात ते घर गार राही. म्हणून लोकांनी ते बांधले. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. पण आडवा धक्का बसला, तेव्हा भिंतीचे दोन पदर फाकले आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. त्याच गावांत कुडाची, गवताने शाकारलेली हलकी घरे मात्र पुष्कळ वाचली.

तिसरी गोष्ट गुजरातेतील कच्छची. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी तिथे ७.७ जोराचा भूकंप झाला. भुज, भचाऊ, अंजार ही गावे उद्ध्वस्त झाली. पण दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेतही अनेक उंच इमारती कोसळल्या. मधली कित्येक गावे वाचली आणि दूरचे शहर सापडले, असे का? अहमदाबादचा पुष्कळ भाग साबरमती नदीने आणून टाकलेल्या गाळावर वसला आहे. खडकावर धक्का लवकर विरतो. मऊ गाळात तो वाढतो. ताटात घट्ट पिठले असेल, तर ताट हलवल्यावर ते फारसे हलत नाही. पातळ कढी असेल, तर ती काठावरून सांडते. तसेच हे. शिवाय पडलेल्या काही इमारतींचा तळमजला गाड्यांसाठी मोकळा ठेवलेला होता. वर ओझे आणि खाली नुसते खांब.

म्हणजे धक्का चार गोष्टींवर ठरतो. जोर किती, अंतर किती, खडक सरकला तो किती खोल, आणि आपल्या पायाखालची जमीन कशी. आणि धक्क्याने नासधूस किती होणार, हे पाचवी गोष्ट ठरवते. ती म्हणजे आपले घर.

या मोजमापाचा आपल्याला काय उपयोग?

कुणी म्हणेल, "गुरुजी, पडायचं ते पडलं. मग मोजून काय करायचं?"

मोजायचे ते पुढच्यासाठी. पूर्वी कुठे किती धक्का बसला, हे पाहून देशाचा नकाशा करतात. कोणत्या भागात किती पायरीचा धक्का बसू शकतो, ते त्यात दाखवतात. त्यावरून घरे, शाळा, पूल, धरणे किती मजबूत बांधायची, ते ठरते. १९९३ च्या आधी किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याचा धरला होता. तिथे मोठा भूकंप झाल्याची नोंद नव्हती. मागाहून २००२ च्या नकाशात तो भाग वरच्या गटात घालण्यात आला. कोयनेचा भाग त्याहूनही वरच्या गटात होता. नोंद नसेल, तर नकाशा चुकतो. नकाशा चुकला, तर घर कच्चे बांधले जाते. घर कच्चे असेल, तर काय होते, ते आपण पाहिले.

म्हणून मोजणारा माणूस दारात आला, तर त्याला खरे सांगावे. भरपाई जास्त मिळेल म्हणून जुना तडा नवा म्हणून दाखवू नये. "आम्हाला काही भीती नाही" असे म्हणून झालेले लपवूही नये. पाचव्या पायरीची सातवी केली, तर सरकारचा पैसा नको तिथे जाईल. सातव्याची पाचवी केली, तर आपलीच नातवंडे कच्च्या भिंतीखाली झोपतील.

दुसरे असे, की भूकंपाचा जोर आपल्या हाती नाही. गावाखालची जमीन आपल्या हाती नाही. भूकंप कोणत्या दिवशी, किती वाजता येणार, हे आजही कुणाला सांगता येत नाही. तसे कुणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण घर आपल्या हाती आहे. दगडी भिंत बांधताना थोड्या थोड्या अंतरावर आरपार जाणारा लांब दगड घालावा. तो भिंतीचे दोन्ही पदर बांधून ठेवतो. दारे-खिडक्यांच्या डोक्यावरून घराभोवती सळ्यांचा काँक्रीट पट्टा फिरवावा. टोपलीला जसा कड असतो, तसा तो घराला धरून ठेवतो. माळवदावर मातीवर माती चढवू नये. छप्पर हलके ठेवावे. जाणत्या गवंड्याला विचारावे. मग तोच धक्का बसला, तरी भिंतीला तडा जाईल, पण माणूस वाचेल.

आणि तिसरी गोष्ट खास तुमच्यासाठी. तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. धक्का बसला, तर आधी स्वतःला सांभाळा. उघड्यावर या. म्हाताऱ्यांना, मुलांना बाहेर आणा. तडा गेलेल्या घरात लगेच परत जाऊ नका. मग जिवाला स्वस्थता आली, की वही घ्या आणि पाच ओळी लिहा. तारीख आणि वेळ. मी कुठे होतो. काय हलले, काय पडले. माणसे आणि गुरे कशी वागली. कोणत्या प्रकारच्या घराला काय झाले. ऐकीव लिहू नका. डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहा.

हल्ली शास्त्रज्ञ मोबाइलवरूनही लोकांकडून अशी माहिती मागवतात. पण वहीतल्या पाच ओळीही तितक्याच मोलाच्या आहेत. त्या ग्रामपंचायतीत किंवा शाळेत नेऊन द्या. मोजणारा माणूस महिन्याने गावात आला, तरी लिहिलेले तसेच राहते. माणसाच्या आठवणीत मात्र उतरंडीची दोन मडकी महिन्याभरात दहा होतात.

यंत्र जोर सांगते. पण आपल्या गावाला धक्का किती बसला, हे सांगायला आपले गावच लागते. ते खरे सांगा, नीट लिहा, आणि घर बांधताना ते आठवा.